मोजलेला पाऊस वाचूही द्या : कृषी आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. कृषी आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : महावेधच्या (महसूल मंडळांतल्या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या जाळ्याच्या) आणि येऊ घातलेल्या ग्रामपंचायत हवामान केंद्रांच्या नोंदी सार्वजनिक एपीआयद्वारे (संगणकाला थेट आकडे मागता येतील अशा सोयीने) खुल्या करण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला काही आकडे पाठ असतात, त्यातला एक ६५. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी झाली असं सरकार धरतं. मग तलाठी येतो (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), पंचनामा होतो, यादी वर जाते. नोंद ६३ ची निघाली तर तेच पदरात पडावं म्हणून निवेदनं घेऊन तहसीलच्या पायऱ्या चढाव्या लागतात. हवामानावर आधारित फळपीक विम्याचीही गत तीच. केळी असो, आंबा असो की डाळिंब, बागेत काय झालं यावर तिथे भरपाई ठरत नाही. मंडळाच्या संदर्भ हवामान केंद्रात पारा किती आणि पाऊस किती नोंदला गेला, यावर ठरते. खांबावरच्या यंत्रातून निघणारा तो आकडा आज सातबाऱ्याइतकाच महत्त्वाचा झाला आहे. फरक एवढाच, की सातबारा घरबसल्या डिजिटल सहीसह निघतो.

मी नाशिक जिल्ह्यात द्राक्ष आणि कांदा उत्पादकांच्या एका गटासाठी संगणकाचं काम बघतो. हवामानाचे आकडे गोळा करायचे, त्यावरून डाऊनी-भुरी या द्राक्षावरच्या रोगांचा धोका काढायचा आणि फवारणीच्या आधी तो लोकांच्या मोबाइलवर पोचवायचा, असं ते काम आहे. त्यामुळे या पत्रातली मागणी जराशी तांत्रिक वाटेल. पण तिचा शेवट पैशात आणि पिकात होतो, म्हणून ती आपल्याकडे जाहीरपणे करत आहे.

आधी जे चांगलं झालं ते सांगतो. २०१७ मध्ये राज्याने महावेध सुरू केला. स्कायमेट कंपनीबरोबर सार्वजनिक-खासगी भागीदारीत दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रं उभी राहिली. पाऊस, तापमान, सापेक्ष आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि वाऱ्याची दिशा यांची नोंद दर दहा मिनिटांनी होऊ लागली. त्याआधी पावसाचा आकडा म्हणजे बहुतेक ठिकाणी साध्या पर्जन्यमापकाचा आकडा, आणि तोही कुणीतरी सकाळी जाऊन, वाकून वाचलेला. इतकं दाट जाळं तेव्हा देशात फार थोड्या राज्यांकडे होतं. हे काम छोटं नव्हे.

पण दर दहा मिनिटांनी मोजलेल्या या पावसातून लोकांसमोर येतो तो मुख्यतः दिवसाचा तक्ता. जिल्हा निवडा, तालुका निवडा, मंडळ बघा. एका माणसाला एका दिवसाचा एक आकडा बघायचा असेल तर ते पुरेसं आहे. मात्र एखाद्या विद्यार्थिनीला मराठवाड्यातल्या सगळ्या मंडळांचा सात पावसाळ्यांचा पाऊस हवा असेल, किंवा एखाद्या ॲपला शंभर गावांचा कालच्या रात्रीचा ओलावा पहाटे पाचला हवा असेल, तर तक्त्यापाशीच गाडं अडतं. मग लोक आडवाटेने जातात. संकेतस्थळाचं पान प्रोग्रामने उघडायचं आणि त्यातले आकडे खरवडून काढायचे. याला स्क्रेपिंग म्हणतात आणि हे करणारे राज्यात काही कमी नाहीत. पानाची रचना बदलली, एखादा रकाना इकडचा तिकडे झाला, की प्रोग्राम मुकाट्याने चुकीचा आकडा उचलतो. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

एपीआय हा या सगळ्यावरचा साधा आणि जुना उपाय आहे. एका संगणकाने दुसऱ्याला ठरलेल्या पद्धतीने प्रश्न विचारायचा आणि ठरलेल्या साच्यात उत्तर घ्यायचं, इतकंच ते. ‘या क्रमांकाचं केंद्र, या तारखेपासून या तारखेपर्यंत, पाऊस आणि आर्द्रता’ असा एक पत्ता पाठवला की काही क्षणांत जेसन किंवा सीएसव्ही या संगणकाला वाचता येणाऱ्या साच्यांत ओळी परत येतात. मधे माणूस नाही, अर्ज नाही, पीडीएफ नाही. चहाच्या टपरीवर क्यूआर कोडने दहा रुपये देता येतात, ते वेगवेगळ्या बँकांचे संगणक अशाच ठरलेल्या भाषेत एकमेकांशी बोलतात म्हणून. भारत सरकारने २०१५ मध्ये खुल्या एपीआयचं धोरण जाहीर केलं आणि राज्यांना ते स्वीकारण्याची मुभा ठेवली. त्याच्याही आधी, २०१२ मध्ये, सरकारी माहिती खुली करण्याचं राष्ट्रीय धोरण आलं होतं. बाजार समित्यांमधले रोजचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव आज केंद्राच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावरून एपीआयने घेता येतात. म्हणजे लासलगावच्या कांद्याचा भाव संगणकाला विचारता येतो. तो कांदा ज्या पावसात भिजला, तो पाऊस मात्र तसा विचारता येत नाही.

याचा परिणाम काय होतो ते बघा. स्थानिक आकडा सहज हाती लागत नाही म्हणून आपल्याकडची कितीतरी शेती-ॲप्स परदेशी एपीआयवर चालतात. नासाची ‘पॉवर’ नावाची सेवा आहे. जगातल्या कुठल्याही ठिकाणचे अक्षांश-रेखांश द्या, १९८१ पासूनचं रोजचं तापमान, पाऊस, आर्द्रता मोफत मिळते. ओपन-मेटिओसारख्या सेवा आहेत. दस्तऐवज इतके नीट लिहिलेले, की पदवीच्या दुसऱ्या वर्षातला मुलगा तासाभरात आकडे काढू लागतो. मी स्वतः या सेवा वापरतो आणि त्यांचा ऋणी आहे. पण नासा पॉवरच्या पावसामागचा चौकोन साधारण अर्ध्या अंशाचा, म्हणजे पन्नासेक किलोमीटरचा. तो आकडा पर्जन्यमापकात पडलेल्या पाण्याचा नाही, उपग्रह आणि गणिती प्रारूप यांतून काढलेला अदमास आहे. नाशिक शहरापासून पन्नास किलोमीटरच्या आत त्र्यंबकचा घाटमाथाही येतो आणि सिन्नरचा कोरडा पट्टाही येतो. दोन्हींची सरासरी काढून निघणारा पाऊस दोन्हीपैकी कुठेच पडलेला नसतो.

२६ जुलै २००५ कुणी विसरलेलं नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला ७४ देखील भरला नाही. मध्ये अंतर पंचवीस-तीस किलोमीटरचं. वळवाच्या पावसात तर शिवेच्या अलीकडे चिखल आणि पलीकडे धूळ, हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेलं आहे. म्हणूनच तर आपण मंडळागणिक केंद्र बसवलं. बसवल्यावर मात्र आपल्याच लोकांना त्याऐवजी अमेरिकेतला चौकोन परवडतो, कारण तो मागता येतो.

आमच्या भागातलं एक उदाहरण देतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षाची गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) होते. त्यानंतर पोंगा (कोवळा कोंब) फुटण्यापासून फुलोऱ्यापर्यंतचे दिवस जिवाला घोर लावणारे. पाऊस किती पडला यापेक्षा पान किती तास ओलं राहिलं, तेव्हा तापमान किती होतं, यावर डाऊनीचा धोका ठरतो. दिवसाच्या आकड्यात हे दिसत नाही. संध्याकाळी सहाला वीस मिनिटांत पडलेले बारा मिलिमीटर आणि रात्रभर रिमझिमत पडलेले बारा मिलिमीटर तक्त्यात सारखेच दिसतात. बागेत दुसरा पाऊस पहिल्यापेक्षा फार घातक. दहा मिनिटांच्या पावसाच्या आणि आर्द्रतेच्या नोंदी मिळाल्या तर ओलेपणाचे तास बऱ्यापैकी काढता येतात आणि एखादी फवारणी वाचते. ज्यांना परवडतं त्यांनी बागेत स्वतःची यंत्रं बसवली आहेत आणि त्यांची वर्गणी भरतात. ज्यांना परवडत नाही ते शेजाऱ्याचा ट्रॅक्टर निघाला की आपलाही काढतात. त्यांच्यासाठीचं यंत्र सरकारने आधीच मंडळात उभं केलेलं आहे.

संशोधनाचं बोलायचं तर पुणे हे या देशातल्या पावसाच्या अभ्यासाचं माहेरघर. भारतीय हवामान विभागाच्या पुण्यातल्या कार्यालयाने १९०१ पासूनचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या चौकोनांत मांडून खुला केला आहे. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा येणारा कुणीही ‘आयएमडीलिब’ नावाची लायब्ररी वापरून शतकाचा पाऊस एका दुपारीत उतरवून घेतो, आणि त्यावर देशात-परदेशात पुष्कळ काम चालतं. पाव अंश म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर. मान्सूनची शंभर वर्षांची चाल बघायला ते पुरतं, एका पाणलोटाचा हिशेब मांडायला पुरत नाही. पोकरा (नानाजी देशमुख कृषी संजीवनी) या सरकारी प्रकल्पात गावोगावच्या पाण्याच्या ताळेबंदासाठी आयआयटी मुंबईने जे प्रारूप तयार केलं, त्यात मंडळाचा दैनंदिन पाऊस लागतो. पडला किती, वाहून गेला किती, मातीत मुरला किती आणि पिकाला कमी पडला किती, हे गावपातळीवर सांगायचं तर सुरुवात त्याच आकड्याने होते. तिथे प्रकल्प सरकारचाच होता म्हणून आकडे मिळाले. ज्या महाविद्यालयाला, ज्या संस्थेला, ज्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला असा प्रकल्प नाही, त्याने काय करायचं? हिवरे बाजारने गावात पर्जन्यमापक लावून, पावसाळ्यानंतर ग्रामसभेत पाण्याचं अंदाजपत्रक मांडून, कोणतं पीक घ्यायचं आणि कोणतं नाही हे ठरवून दाखवलं. तसं करू पाहणाऱ्या दुसऱ्या गावाला आपल्या मंडळाचा पाऊस एका साध्या पानावर रोज आपोआप दिसायला हवा. ते पान कृषी विभागाने बनवण्याची गरज नाही. एपीआय असेल तर तालुक्याच्या महाविद्यालयातली मुलं बनवतील.

आता एपीआय कसा असावा याबद्दल थोडं सविस्तर. कारण ‘एपीआय दिला’ असं म्हणून वाटेल ते देता येतं आणि मग कुणी वापरत नाही.

पहिली आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे शून्य आणि रिकामं यांतला फरक. केंद्र बंद होतं, बॅटरी उतरली होती, सिमकार्डाला रेंज नव्हती, नरसाळ्यात पाला अडकला होता, या सगळ्याची नोंद ‘०.०’ अशी गेली तर कागदावर कोरडा दिवस उमटतो. असे पाच-सात दिवस आले की पावसाचा खंड तयार होतो, प्रत्यक्षात खंड पडलेला नसतानाही. उलटही होतं. खरा खंड होता आणि कुणीतरी म्हणतं, यंत्र बंद असेल. प्रत्येक नोंदीबरोबर तिचा दर्जा सांगणारी खूण हवी : नोंद थेट यंत्रातली आहे, तपासलेली आहे, शेजारच्या केंद्रावरून भरलेली आहे की मिळालीच नाही.

दुसरी गोष्ट तारखेची. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि गेल्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला टाकतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इरशाळवाडीवर दरड कोसळली. त्या दिवशी सकाळी साडेआठनंतर डोंगरावर पडलेला पाऊस या पद्धतीने २० जुलैच्या नावावर जातो. ज्याला हे माहीत नाही तो संशोधक दरडीच्या आदल्या दिवसांचा पाऊस एका दिवसाने चुकवतो आणि धोक्याची पातळी काढताना भलताच निष्कर्ष काढतो. त्यात अनेक परदेशी सेवांचे आकडे जागतिक वेळेत असतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणून एपीआयने दहा मिनिटांची नोंद वेळेसकट द्यावी आणि दिवसाची बेरीज कुठल्या वेळेपासून कुठपर्यंतची आहे ते उत्तरातच लिहावं. ते एखाद्या परिपत्रकात लिहिलेलं असून उपयोग नाही.

तिसरी, नावांची. वडगाव, पिंपळगाव, खेड या नावांची गावं राज्यात किती असतील याची मोजदाद नाही. रोमन लिपीत एकाच मंडळाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. जिल्ह्यांची नावं बदलली : औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. नवी मंडळं निघाली, गावं इकडची तिकडे गेली. नावावरून जोडलेली जुनी आणि नवी माहिती अशा प्रत्येक बदलाला तुटते. केंद्राला कायमचा क्रमांक द्यावा, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या राष्ट्रीय निर्देशिकेतला गावाचा संकेतांक त्याला जोडावा, अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची द्यावी. आणि केंद्र हलवलं असेल तर कधी आणि कुठून कुठे, तेही द्यावं. शाळेच्या मोकळ्या मैदानातून ग्रामपंचायतीच्या भिंतीलगत आलेलं केंद्र पुढची सगळी वर्षं वेगळा वारा आणि वेगळा पाऊस मोजतं. पाणी महसूल मंडळाची हद्द बघून वाहत नाही, त्यामुळे अभ्यासकाला मंडळाच्या यादीपेक्षा नदीच्या खोऱ्यातली केंद्रं हवी असतात. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली बुडालं, तो पाऊस पंचगंगेच्या आणि कृष्णेच्या वरच्या अंगाला पडलेला होता. अक्षांश-रेखांश दिले की खोऱ्याप्रमाणे केंद्रं निवडणं हे वापरणाऱ्याचं काम.

आणखी एक, दुरुस्तीचं. आकडे कधी कधी नंतर सुधारले जातात, जावेतही. पण जुना आकडा पुसून नवा टाकला तर विम्याच्या वादात कुणाचाच विश्वास बसत नाही. आधी काय होतं, काय झालं, केव्हा झालं, हे तिन्ही एपीआयमधून दिसावं.

हे सगळं बाहेर दाखवलं तर चुका चव्हाट्यावर येतील, अशी भीती खात्यात असू शकते. मला उलट वाटतं. या केंद्रांत पाऊस मोजतात तो बहुधा छोट्या पलटणाऱ्या वाटीने. वाटी भरली की कलंडते आणि एक ठोका मोजला जातो. नरसाळं तुंबलं की ठोके थांबतात. मुसळधार सरीत वाटी मागे पडते आणि आकडा कमी निघतो. दोन हजार केंद्रांपैकी कुठल्या नरसाळ्यात आज पाला आहे, हे पुण्यात बसून कळायला माणसं किती लावणार? आकडे खुले असतील तर ते काम फुकटात होईल. एखादा विद्यार्थी रोज रात्री प्रत्येक केंद्राची शेजारच्या चार केंद्रांशी आणि जीपीएम उपग्रहमोहिमेच्या अर्ध्या तासाच्या पावसाच्या अंदाजाशी तुलना करील. भोवती सगळीकडे चाळीस-पन्नास मिलिमीटर आणि मध्येच एक शून्य दिसलं की सकाळी आपल्याला निरोप येईल. आज हाच निरोप येतो, पण तीन महिन्यांनी, विम्याची यादी लागल्यावर, मोर्चाच्या रूपाने.

सर्व्हरवर ताण येईल म्हणाल, तर हिशेब मांडून बघू. दोन हजार केंद्रं, दिवसाला १४४ नोंदी, म्हणजे २ लाख ८८ हजार ओळी. प्रत्येक ओळ पन्नासेक बाइटची धरली तर दिवसाचे पंधरा एमबीही होत नाहीत. वर्षाचं सगळं पाच-सहा जीबी, म्हणजे खिशातल्या पेनड्राइव्हवर मावेल इतकं. जुन्या वर्षांच्या फायली एकगठ्ठा उतरवायला ठेवायच्या आणि एपीआयवर फक्त ताजे आकडे मागायला लावायचे, की ताण आणखी कमी. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा तर चावीसुद्धा (वापरणाऱ्याला नोंदणी करून मिळणारा संकेतांक) मागत नाही. मागणाऱ्या प्रोग्रामने आपली ओळख सांगावी, एवढीच तिची अट आहे. आपण नोंदणी करून मोफत चावी द्या, मिनिटाला किती वेळा मागायचं याची मर्यादा घाला, कुणाची तक्रार नाही.

विकून महसूल मिळेल हा विचार जगाने करून, अनुभव घेऊन, सोडून दिला आहे. लँडसॅट उपग्रहाचं एकेक चित्र कधीकाळी सहाशे डॉलरला मिळायचं. २००८ मध्ये अमेरिकेने ती सगळी मोफत केली आणि जंगलतोडीपासून पिकांच्या नकाशांपर्यंत कितीतरी अभ्यास त्यानंतरच शक्य झाले. जर्मनीने २०१७ मध्ये कायदा बदलून आपल्या हवामान खात्याचे आकडे खुले केले. आपल्या शेजारी कर्नाटकाने ग्रामपंचायत पातळीवर सहा हजारांहून अधिक पर्जन्यमापक बसवले. तेलंगणाने २०२३ मध्ये शेतीविषयक माहितीच्या देवाणघेवाणीसाठी ‘ॲडेक्स’ हे व्यासपीठ उभं केलं. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, त्याचं स्वागतच आहे. पण आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? मंडळाचा पाऊस ज्यांना मिळत नाही, त्यांची कृत्रिम बुद्धिमत्ता पन्नास किलोमीटरच्या चौकोनावरच शिकणार आणि सिन्नरच्या शेतकऱ्याला त्र्यंबकचा सल्ला देणार.

एपीआय आला म्हणजे सगळं न्याय्य झालं, असा माझा दावा नाही. मे २०२१ आठवा. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाचं लसीकरण सुरू झालं, लस कमी होती. कोविनचा सार्वजनिक एपीआय होता, म्हणून तरुण प्रोग्रामरांनी टेलिग्रामवर सूचना देणारे बॉट रातोरात बनवले. लाखो लोकांची सोय झाली हे खरं. पण ज्याच्या हातात चांगला फोन, वेगवान नेट आणि सराईत बोटं, त्याला जागा आधी मिळाली आणि आदिवासी पाड्याजवळच्या केंद्रावर शहरातल्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या. माहिती खुली करताना तिचा फायदा आधी कोण उचलणार, याचा विचार करावाच लागतो. पावसाचं मात्र एक बरं आहे. माझ्या मंडळाचा पाऊस दुसऱ्या कुणी वाचला म्हणून तो मला कमी पडत नाही.

खासगीपणाचा प्रश्नही इथे येत नाही, जोवर आपण दोन गोष्टींची सरमिसळ करत नाही. पाऊस, तापमान, वारा ही कुणाची खासगी माहिती नव्हे. शेतकऱ्याचा ओळख क्रमांक, त्याचा सातबारा, त्याचं पीककर्ज ही त्याची आहे आणि ती कुठल्याही खुल्या एपीआयच्या जवळपासही येता कामा नये. एकाच ‘कृषी माहिती’ या मथळ्याखाली दोन्ही गोष्टी घालून मग गोपनीयतेच्या नावाखाली पाऊसही कुलपात ठेवायचा, किंवा खुलेपणाच्या नावाखाली शेतकऱ्यांची यादी कंपन्यांना द्यायची, असं दोन्हीकडून होऊ शकतं. ती भिंत सुरुवातीलाच बांधलेली बरी.

हे सगळं आत्ताच का लिहितोय, तर जाळं आता वाढणार आहे. केंद्राच्या विंड्स योजनेत प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी स्वयंचलित हवामान केंद्र आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत स्वयंचलित पर्जन्यमापक बसवायचा आहे. तिच्यासह पीकविम्यातल्या तंत्रज्ञानासाठी जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ८२४.७७ कोटींचा निधी मंजूर केला. महाराष्ट्रात ग्रामपंचायती अठ्ठावीस हजारांच्या घरात. यंत्रं कुणीही उभी करो, कंत्राट कुणालाही मिळो, त्या करारात काय लिहिलं जातं यावर पुढची दहा-पंधरा वर्षं ठरणार आहेत. नोंदींची मालकी शासनाची राहील, कच्च्या दहा मिनिटांच्या नोंदी ठरलेल्या वेळेत सार्वजनिक एपीआयवर येतील, एपीआयचा दस्तऐवज मराठीत आणि इंग्रजीत असेल, सेवा बंद पडली तर दंड लागेल आणि कंत्राटदार बदलला तरी केंद्रांचे क्रमांक आणि पत्ते तेच राहतील, ही वाक्यं निविदेत आधी घातली तर त्यांचा खर्च जवळपास काहीच नाही. नंतर घालायची म्हटली तर प्रत्येक ओळीला वाटाघाटी. सध्याच्या महावेध करारात आकड्यांचे हक्क कुणाकडे आहेत, तेही विभागाने जाहीर करावं. तिथे अडचण असेल तर निदान ती कळेल आणि नव्या करारात टाळता येईल.

सगळं एकदम करा असं म्हणत नाही. पहिलं पाऊल म्हणून केंद्रांची यादी, त्यांचे क्रमांक आणि जागा यांसह, आणि २०१७ पासूनच्या रोजच्या पावसाच्या वर्षवार सीएसव्ही फायली संकेतस्थळावर ठेवल्या तरी अर्धं काम होईल. त्यासाठी वेगळी यंत्रणा लागत नाही. त्यानंतर एका भागापुरता एपीआय प्रयोग म्हणून चालवता येईल. त्यासाठी निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतली मंडळं निवडलीत तर आमचा गट पडताळणीला तयार आहे. इथल्या कितीतरी द्राक्षबागायतदारांच्या बागेत स्वतःचे पर्जन्यमापक आहेत आणि रोज सकाळचा पाऊस वहीत उतरवण्याची त्यांची जुनी सवय आहे. त्या नोंदी संगणकावर चढवून, शेतकऱ्याचं नाव वगळून, फक्त जागेसह आपल्याला मोफत देऊ. आपल्या केंद्राचा आकडा आणि वहीतला आकडा कुठे जुळतो, कुठे किती फरक पडतो, हे गोडी छाटणीच्या हंगामात आठवड्याला एकदा कळवू. कुठल्या अधिकाऱ्याकडे पाठवायचं तेवढं सांगावं.

आपला,
द्राक्ष उत्पादकांच्या गटातला एक प्रोग्रामर
नाशिक जिल्हा